स्त्री उमेदवारांच्या प्रचारातील लिंगभाव : डहाणू–तलासरी व महाराष्ट्र

आमदारकी, खासदारकी, मंत्रिपद यांसारख्या वरच्या पदांसाठी स्त्रिया रिंगणात उतरतात तेव्हा त्यांचे बाई असणे उमेदवारीवर, प्रचाराच्या भाषेवर आणि मतदारांच्या कौलावर जो परिणाम करते, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. महाराष्ट्रात हा परिणाम दुहेरी दिसतो. घर, नाते आणि चूल हे प्रचाराचे भांडवल ठरते. त्याच नात्यांच्या आधारे उमेदवाराची पायरीही दाखवली जाते. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे तालुके याचे ठळक उदाहरण आहेत.

पार्श्वभूमी : या भागाच्या राजकारणाचा पाया एका स्त्रीच्या नेतृत्वाखाली घातला गेला. गोदावरी परुळेकर (१९०७–१९९६) या पुण्याच्या, कायद्याच्या पदवीधर. पती शामराव परुळेकर यांच्यासह त्यांनी किसान सभेचे काम येथे उभारले. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी येथे वारली आदिवासींची परिषद भरली. वेठबिगार आणि लग्नगडी या प्रथांविरुद्धचा लढा तेथून पेटला. लग्नासाठी कर्ज घेतलेला गडी सावकाराकडे राबे, त्याच्यासोबत बायकोही राबे, आणि तिला मालकाच्या अत्याचारालाही तोंड द्यावे लागे. त्यामुळे बायकांची अब्रू हा या चळवळीचा उघड राजकीय प्रश्न झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथील पोलिस गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. या काळाचे अनुभव गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात लिहिले. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. त्यांचे वजन संघटनेतून आले होते. लोकसभेत मात्र १९५७ साली ठाण्यातून शामराव गेले.

उमेदवारी : १९७७ पासून डहाणू व २००९ पासून पालघर या अनुसूचित जमातींसाठी राखीव लोकसभा मतदारसंघांतून लहानू कोम, दामोदर शिंगडा, चिंतामण वनगा, शंकर नम, बळीराम जाधव, राजेंद्र गावित आणि हेमंत सवरा निवडून आले. हे सगळे पुरुष आहेत. जागा राखीव झाली ती जमातीसाठी. त्या जमातीतल्या बाईला त्यात वेगळा वाटा नव्हता. पंचायत राज व्यवस्थेत मात्र चित्र पालटले. ७३ व्या घटनादुरुस्तीने (१९९३ पासून लागू) स्त्रियांना एक तृतीयांश जागा दिल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. सरपंच, सभापती, जिल्हा परिषद अध्यक्ष या पदांवर आदिवासी स्त्रिया आल्या, पण आरक्षण जेथे संपते तेथे तिकिटेही आटतात. २०२० मध्ये पालघर जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष झालेल्या भारती कामडी यांनी २०२४ मध्ये शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षातर्फे लोकसभा लढवली. त्यांना ४,१७,९३८ मते पडली. हेमंत सवरा १,८३,३०६ मतांनी विजयी झाले. डहाणू किनाऱ्यावरील नियोजित वाढवण बंदर हा त्या निवडणुकीतला किनाऱ्यावरचा कळीचा प्रश्न होता आणि बंदरविरोधी आंदोलनात मासे विकणाऱ्या बायका पुढे होत्या.

प्रचार : आगर, चिखले, बोर्डी ही किनाऱ्याची गावे आणि आतले वारली पाडे यांत प्रचाराची रीत वेगळी असते. पाड्यांवरील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर किंवा शहरांकडे कामाला जातात, उरलेली माणसे अंधार पडल्यावरच घरी भेटतात. रात्रीच्या बैठका, लांबची फिरती आणि गाडीचा खर्च हे ओझे ज्या बाईच्या डोक्यावर घरकामही आहे तिला अधिक जड जाते.

चूल प्रचारात कशी उतरते याचा नमुना मुंबईत सापडतो. १९७२ नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी बायकांना लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आणले. गोरेगावच्या पाणीप्रश्नावरून ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मृणालताई आणि अहिल्याताई या दोघीही १९७७ मध्ये खासदार झाल्या.

नाते हे दुसरे भांडवल. शेजारच्या गोव्यात मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या निधनानंतर १९७३ मध्ये त्यांची कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. १९७७ मध्ये ‘ताई’ म्हणजेच काकोडकर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने सत्ता राखली. २०२४ मध्ये बारामतीत पवार घराण्याची लेक सुप्रिया सुळे व सून सुनेत्रा पवार यांच्या लढतीत लेक की सून हाच वादाचा विषय झाला. घराण्यात लग्न करून आलेली स्त्री ‘मूळची’ ठरते का, यावर जाहीर वक्तव्ये झाली. पुरुष उमेदवाराला असा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

सद्यस्थिती : २०२४ मध्ये महाराष्ट्रातील ४८ पैकी ७ लोकसभा जागांवर स्त्रिया निवडून आल्या. राज्याला आजवर स्त्री मुख्यमंत्री मिळालेली नाही. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीत लोकसभा व विधानसभांतील एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी आहेत आणि अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतही तेवढाच वाटा ठेवला आहे. मात्र अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघांच्या पुनर्रचनेवर अवलंबून ठेवल्याने, तोवर पालघरसारख्या राखीव मतदारसंघात बाईला तिकीट द्यायचे की नाही, हे पक्षाच्या मर्जीवर राहते.