जाते, कापूस आणि चित्रमुद्रित मैफल

कष्ट करणाऱ्यांच्या गाण्याला इतिहास असतो, पण त्याला दफ्तर नसते. राजेरजवाड्यांची पत्रे जपली जातात, पंडितांच्या पोथ्या नकलून ठेवल्या जातात, सावकाराच्या जमाखर्चाच्या वह्यासुद्धा शतकभर टिकतात. शेतात आणि जात्यापाशी जे गाणे होते ते मात्र काम आटोपले की हवेत विरून जाते. बारामतीचेच उदाहरण घ्या. कविवर्य मोरोपंत पन्हाळ्याहून येथे आले, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहिले आणि १७९४ साली येथेच वारले. त्यांचे आर्याभारत आणि त्यांची केकावली आज छापील रूपाने आपल्या हाती आहेत. पंतांच्या हयातीत याच गावातील घराघरांतून पहाटे जाती फिरत होती आणि जात्याबरोबर ओव्याही चालल्या होत्या. पण त्यांपैकी कोणती ओवी कोणत्या बाईने प्रथम म्हटली हे सांगणारा कागदाचा एक चिटोराही कोणी ठेवलेला नाही.

ही उणीव काही अंशी भरून काढण्याचे साधन विसाव्या शतकाने दिले. प्रथम आवाज आणि पुढे आवाजासह चित्र साठवून ठेवता येऊ लागले. त्यामुळे आज बारामती-इंदापूरकडील एखाद्या घरात रात्रीची जेवणे उरकल्यावर मंडळी पडद्यासमोर बसली, म्हणजे सहा दशकांपूर्वी समुद्रापलीकडे झालेली मैफल त्यांस घरबसल्या पाहता येते. अशा मैफलींपैकी एकीचा इतिहास येथे थोडा विस्ताराने सांगावयाचा आहे. कारण तो दूरचा वाटला तरी आपल्या जात्याशी त्याचे नाते आहे.

अमेरिकेतील न्यूपोर्ट येथे ३ जुलै १९६० रोजी मडी वॉटर्स या ब्लूज गायकाची व गिटारवादकाची मैफल झाली. तिचे चित्रमुद्रणही झाले. आदल्या दिवशी गावात दंगल उसळली होती आणि उत्सव अर्ध्यावरच गुंडाळण्याचे ठरले होते. त्या अस्वस्थ वातावरणात दुपारी ब्लूजचा कार्यक्रम झाला. गायकाच्या साथीला पियानो, माउथ ऑर्गन, दुसरी गिटार आणि ढोल. गाणे रंगात येते तेव्हा हा भारदस्त गृहस्थ माउथ ऑर्गन वाजविणाऱ्या आपल्या तरुण साथीदारास धरून चार पावले नाचतो. श्रोते उसळतात आणि तेच गाणे पुन्हा घ्यावे लागते. त्याच दुपारी लँग्स्टन ह्यूज या कवीने उत्सवाला निरोप देणारे एक गीत जागच्या जागी लिहून दिले आणि पियानोवाल्या ओटिस स्पॅनने ते लगेच म्हटले. चार भिंतींच्या आत, मापून दिलेल्या तीन मिनिटांत केलेल्या तबकडीत यातले काय सापडले असते? गाण्याचे शब्द आणि सूर सापडले असते. त्या दुपारची धाकधूक आणि श्रोत्यांनी गायकास दिलेले बळ मात्र सापडले नसते.

हा गायक मूळचा मैफलीचा नव्हता. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात कापसाच्या मोठमोठ्या मळ्यांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांपैकी तो एक. ब्लूज हे गाणे त्याच मजुरांत वाढले. त्याची ठेवण साधी असते: गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देतो. हे पुन्हा म्हणणे निरर्थक नसते. ऐकणाऱ्यास त्यामुळे ओळ मुरवून घेता येते, आणि गाणाऱ्यास पुढची ओळ सुचावयास अवधी मिळतो. विषय म्हणाल तर मजुरी, मालकाचा जाच, विरह, रेल्वे आणि नदीचा पूर. १९२० साली मामी स्मिथ या गायिकेची तबकडी निघाली आणि तिचा खप पाहून कंपन्यांस या गाण्याची किंमत कळली. तथापि मळ्यावरचा बहुतेक गायक अद्याप मळ्यावरच होता.

१९४१ साली ॲलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क हे दोघे संशोधक ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन त्या खोऱ्यात आले आणि त्यांनी स्टोव्हॉल मळ्यावर मडी वॉटर्सचे गाणे मुद्रित केले. आपला आवाज आपल्यापासून वेगळा होऊन समोरून ऐकू येतो हा अनुभव त्या मजुरास नवा होता. आपण गायक म्हणून उभे राहू शकतो असा विश्वास त्यास या श्रवणाने दिला, असे तो पुढे सांगत असे. १९४३ साली तो मळा सोडून शिकागोस गेला. लगेच पुढच्या वर्षी त्याच परिसरातील हॉप्सन मळ्यावर केवळ यंत्रांच्या साहाय्याने कापूस वेचून दाखविण्यात आला. हाताने कापूस वेचण्याचे दिवस भरत आले आणि लक्षावधी मजुरांनी उत्तरेची वाट धरली. शिकागोच्या गुत्त्यांतील गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, तेव्हा मडी वॉटर्सने विजेची गिटार हाती घेतली. काम सुटले, गाव सुटले, पण गाणे सुटले नाही. त्याला नवे वाद्य आणि नवे श्रोते मिळाले. न्यूपोर्टची मैफल हे या प्रवासाचे एक शिखर होय.

आता आपल्याकडे पाहू. जात्यावरची ओवी ही बहुधा दोन ओळींची. गाताना ओळीचे तुकडे पुन्हा पुन्हा घेतले जातात, मध्ये 'बाई' आणि 'गं' येतात. खुंट्याला धरून समोरासमोर बसलेल्या दोघींपैकी एकीने उचललेली ओवी दुसरी पुरी करते. जात्याची घरघर हाच ठेका. येथेही ओळ परतून घेण्यात पुढची ओळ सुचावयाची सोय असते. ब्लूज आणि ओवी यांचा एकमेकांशी कधी संबंध आला नाही. पण एकसुरी कष्टांतून निघणारे गाणे पृथ्वीच्या दोन टोकांस सारखीच युक्ती शोधून काढते ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. ओवीत विठ्ठल आहे, वनवासी सीता आहे, माहेरचा भाऊ आहे, सासरचा जाच आहे. पुढील काळात बाबासाहेब आंबेडकरांवरही ओव्या झाल्या. जी गोष्ट सून घरात कोणासमोर बोलू शकत नसे ती ती जात्याला सांगे, आणि गाणे म्हणून तिला कोणी हटकीत नसे.

मग यंत्र आले. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा झाला, बारामती-इंदापूरच्या कोरड्या पट्ट्यात ऊस उभा राहिला, इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना निघाला, आणि यथाकाळ गावोगाव पिठाची गिरणी फिरू लागली. गिरणी ही आपत्ती नव्हे हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पहाटेच्या काळोखात उठून घरादारासाठी दळणाऱ्या बाईला ती सुटकाच होती. जाते परत यावे असे म्हणणाराने प्रथम स्वतः पायलीभर ज्वारी दळून पाहावी! परंतु मळा सोडणाऱ्या मजुराबरोबर त्याची गिटार शहरात गेली, तशी ओवी जात्याबरोबरून उठून कोठे गेली नाही. तिला नवे वाद्य मिळाले नाही, रंगमंच मिळाला नाही, तबकड्या विकणारा व्यापारीही तिच्याकडे फिरकला नाही.

काही जाणत्यांनी मात्र ती टिपून ठेविली. साने गुरुजींनी ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' हा ग्रंथ सिद्ध केला. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, लिहून ठेविल्यामुळे १९५२ साली, बाईंच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध होऊ शकली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी १९८० नंतरच्या काळात गावोगावच्या सहकाऱ्यांच्या मदतीने एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांतील बऱ्याच ओव्यांचे ध्वनिमुद्रणही केले. पॉतवँ २००४ साली आणि राईरकर २०१० साली निवर्तल्या. पुढे 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने हे धन हाती घेऊन २०१७ पासून ते सर्वांपुढे मांडण्यास आरंभ केला आणि गायिकांची नवी चित्रमुद्रणेही केली.

म्हणजे आज एकाच घरात, एकाच पडद्यावर, न्यूपोर्टची मैफलही पाहता येते आणि पुणे जिल्ह्यातील एखाद्या वृद्धेची ओवीही. पण दोहोंत एक मोठा भेद आहे. मडी वॉटर्सपुढे श्रोते बसलेले आहेत. आपण घरी पाहणारे त्या श्रोत्यांच्या मागच्या रांगेत जाऊन बसतो एवढेच. ओवीस श्रोते कधी नव्हतेच. ती समोरच्या जोडीदारणीस, फार तर भिंतीपलीकडच्या शेजारणीस ऐकू जाई. टाळ्यांची अपेक्षा न ठेवता, किंबहुना कोणी ऐकत नाही या भरवशावरच, ती म्हटली गेली. म्हणून मुद्रित ओवी पाहणारा मनुष्य कोणाच्या मागच्या रांगेत बसत नाही. तो पहिल्याच रांगेत असतो, आणि पुष्कळदा त्या रांगेत तो एकटाच असतो.

या स्थानाबरोबर एक जबाबदारी येते. रंजनासाठी मैफल पाहणे यात काही गैर नाही, ब्लूजवाल्यांनी रंजनही केले. पण ओवी दोन मिनिटे ऐकून 'गोड आहे' म्हणणे हे तिला न ऐकल्यासारखेच होय. ती कोणत्या वेळी, कोणते दुःख गिळून म्हटली जात होती हे समजून घेतले, तरच तिचे गाणे पुरे होते. शिवाय जे मुद्रित झाले ते समुद्रातून भरून आणलेल्या घागरीएवढेच आहे. स्वतः जाते ओढीत ओव्या म्हटलेल्या स्त्रियांची अखेरची पिढी आज वार्धक्यात आहे. त्यांतील कित्येक आपल्याच घरांत माजघराच्या कोपऱ्यात बसलेल्या असतात, आणि नातवंडे समोरच्या पडद्यावर दूरदेशीचा गवई मोठ्या आस्थेने पाहत असतात. त्या नातवंडांच्या खिशातील लहानशा यंत्रात १९४१ साली संशोधकांनी मोटारीत घालून मिसिसिपीच्या खोऱ्यात नेलेल्या अवजड यंत्राहून अधिक शक्ती आहे. मोरोपंतांच्या काळच्या ओव्या परत मिळणार नाहीत. आजीच्या मात्र अजून मिळतील. त्यासाठी तिच्याजवळ जाऊन बसावे लागेल, आणि तिला आठवेपर्यंत थांबावे लागेल.