वार्धक्याचे मापन आणि मराठवाडा

मनुष्य म्हातारा झाला की नाही हे ठरविण्यापूर्वी त्याचे वय ठाऊक असावे लागते. वार्धक्याचे मानसशास्त्र सांगणाऱ्या पाश्चात्त्य ग्रंथांना या गोष्टीची फारशी फिकीर करावी लागत नाही. तिकडे जन्माची नोंद चोख असते. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत मात्र गाडी याच पहिल्या पायरीवर अडते. येथील जी मंडळी आज नव्वदीच्या घरात आहेत, ती जन्मली तेव्हा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि सरकारी दप्तर फसली सनावर चाले. आजूर, दै, बहमन अशी त्याची महिन्यांची नावे; वर्षारंभ ऑक्टोबरात; इसवी सन काढावयाचा तर फसली आकड्यात ५९० किंवा ५९१ मिळवावयाचे. ही मिळवणी ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे केली. बहुतेकांच्या जन्माची नोंद दप्तरात मुळीच नव्हती. पुढे शाळेत नाव घालावयाची वेळ आली म्हणजे आईने "पोळ्याच्या आगेमागे" एवढेच सांगावे आणि मास्तरांनी सोयीची म्हणून १ जून ही तारीख मांडावी, ही रीत तर साऱ्या महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. एकेका आळीतील निम्मी वडीलधारी मंडळी एकाच दिवशी जन्मास आली, असे कागद सांगतो, आणि कागदाशी कोणी भांडत नाही.

वाचकांस यात गमतीचा भाग दिसेल, आम्हांसही दिसतो. परंतु आमचा मुद्दा निराळा आहे. वय म्हणजे केवळ वर्षांची बेरीज नव्हे. ती वर्षे कोणत्या राजवटीत, कोणत्या शाळेत किंवा शाळेविना गेली, हे कळल्यावाचून म्हाताऱ्याच्या बुद्धीविषयी केलेले विधान लटके पडते. ही गोष्ट मानसशास्त्रास समजावयास निम्मे शतक लागले. तो इतिहास मराठवाड्याच्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

मानसशास्त्राचे लक्ष प्रथम मुलांकडे गेले आणि म्हाताऱ्यांकडे फार उशिरा वळले. अमेरिकेतील स्टॅन्ले हॉल यांनी १९०४ साली कुमारवयावर मोठा ग्रंथ लिहिला. वार्धक्यावरचा त्यांचा ग्रंथ निघाला १९२२ साली, तोही स्वतः पंचाहत्तरी ओलांडल्यावर. मधल्या काळात पहिल्या महायुद्धानिमित्त अमेरिकन सैन्यात लाखो लोकांच्या बुद्धीची कसोटी घेण्यात आली होती. तिचे आकडे मांडून पाहता वय वाढेल तसे गुण उतरतात असे दिसले. १९३३ साली जोन्स आणि कॉनरड या दोघांनी न्यू इंग्लंडमधील खेड्यांत हाच प्रयोग केला. गावकरी कसोटीस यावेत म्हणून त्यांनी फुकट चलच्चित्रपट दाखविला! आपल्याकडे तंबूतल्या सिनेमाने कोणकोणती कामे केली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. तिकडे त्याने शास्त्राची सेवा केली. निष्कर्ष पुन्हा तोच: विशीनंतर उतरती कळा. चाळिशीतल्या गृहस्थाने यापुढे नवे शिकण्याची आशा सोडावी, असाच सुशिक्षित समाजाने त्याचा अर्थ घेतला.

दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रश्नात यंत्राचा प्रवेश झाला. ब्रिटनमध्ये कामकऱ्यांची टंचाई होती. वयस्क माणसे कारखान्यात टिकवावयाची तर त्यांची कुवत नेमकी कोठे कमी पडते हे शोधणे भाग होते. नफील्ड निधीच्या साहाय्याने केंब्रिज येथे १९४६ साली एक संशोधनपथक निघाले आणि त्याची धुरा ए. टी. वेलफर्ड या मानसशास्त्रज्ञाकडे आली. त्यांचा 'एजिंग अँड ह्यूमन स्किल' हा ग्रंथ १९५८ सालचा. यंत्रापुढे वयस्क माणसाचा वेळ जातो तो प्रामुख्याने हात हलविण्यात नव्हे. काय करावयाचे ते ठरविण्यात जातो, आणि पुष्कळदा तो अचूकपणासाठी गती खर्च करतो, असे या पथकास आढळले. तेव्हा माणूस निकामी ठरविण्यापूर्वी यंत्राची मांडणी बदलून पाहावी. विचार साधा आहे; परंतु आपल्या हातातील दूरध्वनीचे यंत्र घडविणाऱ्यांच्या तो अद्याप पचनी पडलेला दिसत नाही.

तरीही मूळ प्रश्न उरलाच होता, आणि तो सोडविण्यात ज्यांनी आपली सारी हयात वेचली ते प्राध्यापक वॉर्नर शाय. जन्म १९२८, जर्मनीत. नाझी राजवटीतून निसटून शांघायमध्ये आश्रय घेतलेल्या कुटुंबातील हा मुलगा तेथे छापखान्यात उमेदवारी करून पुढे अमेरिकेस गेला. १९५६ साली सिअ‍ॅटल शहरातील एका आरोग्य-सहकारी संस्थेच्या सभासदांतून विशीपासून सत्तरीपर्यंतची ५०० माणसे त्यांनी तपासली. येथवर नवे काही नव्हते. नवे ते पुढेच: सात वर्षांनी, १९६३ साली, ते त्याच माणसांकडे पुन्हा गेले. नंतर १९७०, १९७७, १९८४ असा सात-सात वर्षांचा फेरा पन्नास वर्षे चालू राहिला, आणि दर फेऱ्यास नवी माणसे भरती होत गेली.

या चिकाटीतून जे बाहेर पडले त्याने जुने आलेख उलथून टाकले. एकाच दिवशी वीस वर्षांचा तरुण आणि सत्तर वर्षांचा वृद्ध शेजारी बसवून कसोटी घेतली तर वृद्ध फारच मागे पडतो. पण त्याच वृद्धाची तुलना त्याच्याच पूर्वीच्या गुणांशी केली, तर साठीपर्यंत पुष्कळ शक्ती शाबूत असतात. गती लवकर मंदावते, शब्दसंपत्ती दीर्घकाळ टिकते. मग त्या दोन माणसांतील अंतर कशाचे? बरेचसे वयाचे नव्हेच, पिढीचे. एक कमी शाळा शिकला, दुसरा अधिक. शाय आणि त्यांच्या सहकारी शेरी विलिस यांनी, ज्यांची शक्ती खरोखर उतरली होती अशा वृद्धांस केवळ पाच तासांचे शिक्षण दिले, तेव्हा त्यांतील सुमारे शेकडा ४० माणसे चौदा वर्षांपूर्वीच्या पातळीस परत पोचली. १९८६ साली हे प्रसिद्ध झाले. म्हणजे गंज चढला होता. धातू झिजला नव्हता.

आता हेच माप मराठवाड्यास लावून पाहू. मराठी मुलांच्या बुद्धीचे पद्धतशीर मापन करण्याचा मोठा उद्योग केला तो डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी. बिने यांच्या कसोट्यांचे मराठी व कानडी रूप सांगणारे त्यांचे पुस्तक १९४० साली निघाले. परंतु ते मुंबई इलाख्यातील मुलांसाठी होते. नांदेडचा मुलगा त्या वेळी दुसऱ्याच राज्यात शिकत होता. हैदराबादेत १८८४ पासून उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून चाले, आणि आपण ज्यास मानसशास्त्र म्हणतो ते तेथे 'नफ्सियात' होते. मराठी मुलगा घरी मराठी बोले, वरच्या वर्गांत उर्दू शिके, आजोबांची मोडी वाचू शकला तर वाची. स्वामी रामानंद तीर्थ यांनी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत केलेले कार्य याच पार्श्वभूमीवर मोलाचे ठरते. पण अशा शाळा मोजक्याच. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यातील साक्षरता शेकडा दहाच्याही खाली होती. स्त्रियांची गोष्ट काढावयासच नको.

पुण्यास १९५० साली विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याच साली नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले. प्रयोगशाळा दूर, आधी महाविद्यालय हवे, अशी येथील स्थिती होती. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ चे. (म्हैसूरचे मानसशास्त्राचे प्राध्यापक गोपालस्वामी यांनी १९३५ साली स्वतःच्या घरी नभोवाणी-केंद्र काढून त्यास 'आकाशवाणी' हे नाव दिले होते. मानसशास्त्रज्ञास यंत्राचे वावडे नसते याचा हा आपल्याकडचा दाखला. मराठवाड्याच्या वाट्यास तसा विक्षिप्त प्राध्यापक आला नाही, ही आमची खंत आहे.)

मराठवाड्यातील आजचे वृद्ध ही एक पिढी नाही. १९४८ पूर्वी उर्दू शाळेत बसलेला नव्वदीचा गृहस्थ आणि त्यानंतर मराठी शाळेत गेलेला ऐंशीच्या आतला, यांच्या अक्षरओळखीतच भेद आहे. जे आज पासष्टीच्या पुढे आहेत त्यांची शाळकरी वर्षे १९७२ च्या दुष्काळात सापडली. खडी फोडण्याच्या कामावर आईबापांमागे गेलेली किती मुले शाळेत परतली नाहीत, ते गावोगाव विचारावे. त्या पोरांच्या बोटांवर जे घट्टे पडले ते पुढेही शेतीने मिटू दिले नाहीत. आणि लातूरच्या औसा-निलंगा भागात, तसेच शेजारच्या उमरगा-लोहाऱ्याकडे, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आहे. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ ते दहा हजार माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली. भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा दीर्घ अभ्यास पुण्याचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने झाला, ही समाधानाची गोष्ट होय. गावे नव्या जागी, रुंद सरळ रस्त्यांवर, एकसारख्या घरांची वसली. अशा गावात एखादी आजी घर चुकली तर तो तिच्या स्मृतीचा दोष मानावा काय? जुन्या गावात वाट दाखविणारे पार, आड, वाडे होते. येथे घरास क्रमांक आहे आणि आजीस अंक वाचता येत नाहीत.

कसोट्यांचाही हाच पेच आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक भारतीयांची दीर्घकालीन पाहणी आरंभिली. तीत स्मरणशक्तीचीही तपासणी आहे. ऐकलेले शब्द परत सांगणे निरक्षरासही जमते. पण आकृती पाहून तशीच काढा म्हटले, की जिने जन्मात पेन्सिल धरली नाही ती अडखळते; मग तिला संपूर्ण हरिपाठ तोंडपाठ का असेना.

आणि आता यंत्र. निवृत्तिवेतन घेणाऱ्यास दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. १० नोव्हेंबर २०१४ पासून हा दाखला बोटांच्या ठशाने किंवा डोळ्याच्या बुबुळाने यंत्रामार्फत देण्याची सोय झाली. सोय खरी, मुलाच्या गावी बसूनही दाखला पोचतो. परंतु ज्याच्या बोटांवरच्या रेषा नांगराने, खडीने झिजल्या, त्याचा ठसा यंत्र ओळखत नाही, आणि हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात तुरुंग पाहिलेल्या माणसास आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यावयास तीन तीन वेळा अंगठा पुसून ठेवावा लागतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची पद्धत आली. तीत बोटांची अडचण सुटली, पण हातात स्मार्टफोन आणि तो चालविणारा नातू लागतो. आणि लातूरचे नातू बहुधा परीक्षेच्या तयारीत असतात! तरुणांची बुद्धी मोजण्याच्या शास्त्रात 'लातूर पॅटर्न' म्हणून ज्या शहराचे नाव देशभर झाले, तेथे आजोबांच्या बुद्धीची चौकशी करण्यास कोणास सवड नाही.

नांदेड-लातूरच्या ज्या तरुण अभ्यासकास वृद्ध आणि यंत्र या विषयात संशोधन करावयाचे असेल, त्याने आपल्या प्रश्नपत्रिकेत वयाच्या रकान्याशेजारी आणखी चार रकाने घालावेत, अशी आमची सूचना आहे: शाळा कोणत्या लिपीची, कितव्या इयत्तेत सुटली व कोणत्या साली, बोटांनी काय काम केले, आणि १९९३ नंतर गाव बदलले काय. मग त्याच माणसाकडे सात वर्षांनी पुन्हा जावे. मराठवाड्यात उर्दू पाटीवर धुळाक्षरे गिरविलेली माणसे आता मोजकीच उरली आहेत. त्यांच्यापुरता पहिला फेरा तरी लवकर व्हावयास हवा.