मैलकुलीचं फावडं

आमच्या गावाकडे वळणाऱ्या फाट्यावर एक बाभळीचं झाड होतं. रोहिण्या लागल्या की त्या झाडाखाली एक माणूस दिसायचा. अंगात खाकी सदरा, डोक्याला रुमाल, हातात फावडं आणि शेजारी टोपलं. तो मैलकुली. आम्ही पोरं त्याला मामा म्हणायचो. मृगाच्या आधी तो रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या नाल्या मोकळ्या करायचा, नळ्यांच्या पुलाखाली अडकलेला पालापाचोळा ओढून काढायचा आणि खड्ड्यात टोपलंभर मुरूम टाकून धुम्मसाने ठोकायचा. त्याचं काम डोळ्यांत भरायचं नाही. आम्हाला वाटायचं, हा माणूस सरकारचा पगार फुकट खातो.

पुढे मी इतिहासाचा मास्तर झालो. लढाया शिकवल्या, तह शिकवले. पण त्या मामाचा पगार येतो कुठून, हा प्रश्न मला निवृत्तीनंतर पडला. तो शोधता शोधता आपल्या जिल्ह्याच्या रस्त्यांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा हिशोबच समोर आला.

आपली जमीन काळी, कसदार. कापसाला आणि ज्वारीला ती आईसारखी, रस्त्याला मात्र वैरीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या काठची गावं पूर्वी पावसाळ्याचे चार महिने जगापासून तुटायची. निजामाच्या राजवटीत शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा घेतला जाई. त्याला ‘लोकल फंड’ म्हणत. शाळा, दवाखाना, रस्ता यांची सोय त्यातून व्हायची. म्हणजे रस्त्याचा पहिला धनी शेतकरीच.

रस्ता आधी कुठला करायचा, हे मात्र कापसाने ठरवलं. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे परभणीवरून गेली. सेलू, परभणी, पूर्णा ही स्थानकं झाली. मानवतसारखी मोठी बाजारपेठ रुळापासून बाजूला राहिली, म्हणून तिच्या नावाचं स्थानक ‘मानवत रोड’ झालं. त्या पाटीतच सगळा इतिहास आहे. मोंढा आणि स्थानक जोडणारा रस्ता आधी, बाकीच्यांनी पांदणीतून गाडी हाकावी.

इकडे ब्रिटिश हिंदुस्थानात मोटारी वाढल्या होत्या. १९२७ साली रस्त्यांचा विचार करायला एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्ते हा विषय आता स्थानिक मंडळांच्या कुवतीबाहेर गेला आहे, असं या समितीने बजावलं आणि उपाय सुचवला की जो रस्ता वापरतो त्याच्याकडून पैसे घ्या. त्यातूनच १९२९ साली पेट्रोलच्या गॅलनमागे दोन आणे जादा घेऊन मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला.

मग १९४३ साली नागपुरात देशभरचे मुख्य अभियंते जमले आणि त्यांनी रस्त्यांची उतरंड रचली. वर राष्ट्रीय महामार्ग, खाली प्रांतिक मार्ग, त्याखाली जिल्हा मार्ग, सगळ्यांत तळाला ग्राम मार्ग. ही उतरंड अजून तशीच आहे. कुठल्याही बांधकाम कार्यालयात गेलात तर रामा, प्रजिमा, इजिमा, ग्रामा असे शब्द कानावर पडतील. राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्राम मार्ग यांची ती लघुरूपं. रस्ते विकास योजनेच्या यादीत रस्त्याला क्रमांक मिळाला तर त्याला निधीची वाट मोकळी. क्रमांक नसला तर रस्ता पायाखाली असूनही कागदावर नसतो.

१ मे १९६२ ला वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींतून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. उतरंडीतली खालची मडकी, म्हणजे इतर जिल्हा मार्ग आणि ग्राम मार्ग, सांभाळायला त्यांच्याकडे आली. जमीन महसुलावरचा उपकर त्यांना मिळू लागला. गावात आजही लोक ‘सेस फंड’ म्हणतात तो हाच. जुन्या एका आण्याचा तो नातू म्हणायला हरकत नाही. पण या सेसवर सगळ्यांचाच डोळा, म्हणून रस्त्यांची खरी भिस्त राहिली ती सरकारी अनुदानावर.

आमच्या गावाचा रस्ता झाला तो १९७२ च्या दुष्काळात. फाट्यापासून गावापर्यंत तीन किलोमीटर. माझी माय त्या कामावर खडी फोडायला जायची. मी दहा वर्षांचा होतो. तिच्या हाताला आलेले फोड मला आठवतात. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेचा १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्याच्या खर्चासाठी १९७५ पासून नोकरदार-व्यावसायिकांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले पैसे मराठवाड्यातल्या मजुराच्या हातात पडू लागले. ही फार मोठी गोष्ट होती. मात्र इथे प्राधान्य ठरत होतं ते भुकेवरून. हाताला काम हवं, म्हणून रस्ता. तो पुढे राखायचा कोणी, हा विचार त्या घाईत मागे पडला.

गावं जोडण्याचे निकषही बदलत गेले. पाचव्या पंचवार्षिक योजनेतल्या किमान गरजा कार्यक्रमाने दीड हजारांवर लोकवस्तीची गावं आधी धरली. त्यामुळे मोठी गावं पुढे सरकली आणि वाड्या-तांडे रांगेत उभे राहिले.

आमच्या रस्त्यावर एसटी सुरू झाली आणि मामाही नेमला गेला. काही वर्षांनी मामा निवृत्त झाला. त्याच्या जागी कोणी आलं नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण रस्ता तर जागेवरच होता. पहिल्या पावसाळ्यात नाल्या बुजल्या. दुसऱ्या पावसाळ्यात पुलाच्या नळ्या गाळाने आणि काट्याकुट्यांनी तुंबल्या. तिसऱ्या वर्षी एका रात्रीच्या पावसात पाणी नळ्यांतून जायच्या ऐवजी रस्त्यावरून गेलं आणि वीस-पंचवीस फुटांचा भराव घेऊन गेलं. बस फाट्यावरून परत फिरू लागली. गावातली माणसं कचेरीत गेली. उत्तर मिळालं, दुरुस्तीला तरतूद नाही, नवीन काम प्रस्तावित करा.

माझी धाकटी बहीण तेव्हा नववीत होती. तीन किलोमीटर चिखल तुडवून ती महिनाभर फाट्यावर गेली. एक दिवस अंधार पडल्यावर गुडघाभर चिखलाने माखून घरी आली. दादांनी तिचं दप्तर खुंटीला अडकवलं. ते परत निघालं नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. पूल नवा बांधला गेला तोवर तिचं लेकरू चालायला लागलं होतं.

हे कोणा एका माणसाच्या दुष्टाव्याने झालं नाही. त्याचं मूळ हिशोबाच्या वहीत आहे. सरकारी खर्चात रस्ते आणि पुलांसाठी दोन लेखाशीर्षं असतात, ३०५४ आणि ५०५४. पहिलं महसुली खर्चाचं. देखभाल-दुरुस्ती त्यातून होते. दुसरं भांडवली खर्चाचं. नवी बांधकामं त्यातून होतात. नव्या कामाचा नारळ फुटतो, कोनशिला बसते, वर्तमानपत्रात फोटो येतो. नाली उकरल्याचा नारळ कोणी फोडलेला मी पाहिला नाही. ग्रामसभेच्या ठरावापासून बांधकाम समिती आणि जिल्हा नियोजन समितीपर्यंत जो तो आपल्या भागाला नवं काम मागतो, कारण मतदारही तेच मागतो. आपणही तेच मागितलं, हे कबूल केलं पाहिजे.

या चुकीची जाणीव उशिरा का होईना, झाली. २५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली. सपाटीवरच्या पाचशेवर वस्तीच्या गावांना तिने हात घातला. तिला बळ मिळालं ते डिझेलवरच्या उपकरातून. जयकरांची कल्पना आमच्या शिवारात ठळकपणे पोचायला सत्तर वर्षं लागली. या योजनेत रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारावरच पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी टाकली गेली. २०१५ साली राज्याने मुख्यमंत्री ग्राम सडक योजनाही आणली. पण सहावं वर्ष उगवतंच. तेव्हा रस्ता पुन्हा त्याच तुटपुंज्या तरतुदीच्या दारात उभा राहतो.

ग्रामपंचायतीचंही तसंच. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींच्या विषयांत रस्ते, मोऱ्या आणि पूल घातले. पंधराव्या वित्त आयोगाने मात्र २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीपैकी ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला. ते गरजेचंच होतं. उरलेल्या ४० टक्क्यांत गावाच्या बाकी सगळ्या गरजा, आणि त्यांच्या गर्दीत रस्ता.

गेल्या वर्षी पावसाळ्याआधी आमच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो. नवा रस्ता मागितला नाही. एवढंच विचारलं की गावच्या हद्दीत पूल किती, त्यांच्या नळ्या शेवटच्या कधी साफ केल्या, आणि यंदा कोण करणार. थोडं हसू झालं. मग एका तरुण सदस्याने वहीत यादी लिहून घेतली. सात पूल निघाले. चार तुंबलेले होते. दोन दिवसांच्या मजुरीत ते मोकळे झाले.

बहिणीला हे फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “दादा, दोनच दिवसांचं काम होतं व्हय?”