रणगाड्यावरची काठी

जुना रणगाडा दुरुस्त करून मांडला, की लोक तोफ पाहतात, पट्टे पाहतात. एरियलकडे कोण बघतो? आणि खोट नेमकी तिथंच सापडते.

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन अधिकाऱ्यांच्या गाड्या घ्या. आरंभीच्या वर्षांत त्यांच्या पाठीवर चौकटीचे एरियल असे, थेट खाटेच्या कठड्यासारखे. त्यावरून दूरच्या तुकड्यांशी बोलता येई खरे. पण साहेब कोणत्या गाडीत बसले आहेत, हे शत्रूलाही लांबून कळे! म्हणून १९४३च्या सुमारास चौकट जाऊन माथ्याला फुटवे असलेली बारीक काठी आली. आता १९४४ साली बनलेल्या गाडीवर कुणी हौसेने चौकट चढवली, तर रंग कितीही बिनचूक असो, इतिहास बिघडलाच की!

ब्रिटिशांच्या ‘नंबर १९’ या बिनतारी संचाला एरियल दोन. लांब काठी पलटणीशी बोलायला, २ ते ८ मेगासायकलवर; आखूड काडी शेजारच्या रणगाड्यांसाठी. एकाच काठीवर भागवले, तर ही दुसरी सोय पुसली जाते. शिवाय २ मेगासायकलला लहर १५० मीटरची, तिचा चतुर्थांशही साडेसदतीस मीटर. काठी तर दोन-तीन मीटरांची! ही तूट भरून काढायला संच आणि काठी यांच्यामध्ये तारेच्या वेटोळ्यांची पेटी बसवीत. ती नसेल तर काठी नुसती शोभेची.

अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तिथं गेलात तर आधी एरियलचा बुडखा शोधा. काठी मोडते, हरवते. बुडख्याची जागा सहसा पुसत नाही.