दर ‘पडला’ की ‘पाडला’?

आधी माझीच एक चूक सांगतो. गुळाच्या सौद्यांवर काम करताना करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळमालकांशी बोलत होतो. ते म्हणाले, “दर पडला न्हाई, पाडलाय.” मी घाईत वहीत लिहिलं : ‘प्राइस फॉल’. प्रबंध इंग्रजीत, म्हणून टिपणंही इंग्रजीत. तुमच्यापैकी बरेच जण हेच करत असणार. सहा महिन्यांनी वही उघडली, तर त्या माणसाचा आरोपच गायब! दर जणू आपोआप घसरला होता.

इंग्रजीत पडझडीला शब्द कमी नाहीत. पण रोजच्या वापरातले बहुतेक शब्द ‘कुणी केलं’ ते सांगत नाहीत. ‘क्रॅश’ म्हणजे आदळण्याचा आवाज. ‘स्लम्प’ म्हणजे मुळात दलदलीत धपकन रुतणं. ‘पॅनिक’ म्हणजे घबराट. अमेरिकेतल्या १८५७ आणि १८७३ च्या संकटांना हेच नाव आहे. ‘डिप्रेशन’ १९२९ नंतर जन्मला असं आपण समजतो, पण ब्रिटनने १८८५ मध्येच व्यापार-उद्योगातल्या ‘डिप्रेशन’वर रॉयल कमिशन नेमलं होतं. १९३० च्या दशकाने मात्र त्या शब्दाला इतकी दहशत चिकटवली, की १९३७-३८ च्या घसरणीला ‘रिसेशन’, म्हणजे नुसतं मागे सरणं, म्हटलं गेलं. पुढे १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांचे सल्लागार आल्फ्रेड कान यांनी ‘डिप्रेशन’ शब्द उच्चारला आणि व्हाइट हाउसची नाराजी ओढवून घेतली. मग ते त्याऐवजी ‘बनाना’ म्हणू लागले. केळं! विनोद सोडा, पण शब्द निवडणं हे राजकारण असतं, ते इथं उघड दिसतं.

आता आपल्याकडे या. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडकला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद, बॅकबे रेक्लमेशन कंपनीचे शेअर, सगळं त्याच काळातलं. युद्ध संपलं आणि १ जुलै १८६५ ला, वायद्यांच्या हिशेबाच्या दिवशी, अनेकांची दिवाळी निघाली. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळली गेली. याला ‘क्रॅश’ शोभतो, कारण त्याला तारीख आहे.

दख्खनच्या कुणब्याच्या पडझडीला अशी तारीख नाही. कापसाचा भाव उतरत गेला, फेरआकारणीत सारा वाढला, सावकाराने हात आखडता घेतला. मग १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात कर्जरोखे आणि वह्या जळाल्या. (दंग्यात कापसाचा वाटा किती, यावर इतिहासकारांत वाद आहे, तो जरूर वाचा.) पण अभिलेखागारात फक्त ‘क्रॅश’ शोधत बसलात, तर दलाल सापडतील, कुणबी सापडणार नाही.

मराठीतही सावध राहायला हवं. ‘तेजी’ फारसीतून आलेली, ‘मंदी’ संस्कृत ‘मंद’वरून, व्यापाऱ्यांच्या पेढीवर दोघी जोडीनं नांदल्या. आज एक आली तर उद्या दुसरी येणार, असं ती जोडी सुचवते. म्हणून ‘महामंदी’ शब्द मला थोडा खटकतो. १९३० नंतर शेतकऱ्याच्या मालाचा भाव कोसळला, पण सारा आणि कर्जाचा हप्ता तेवढ्याच रुपयांचा राहिला. त्याला हे ‘मंद’ कसं वाटेल? ज्याचा पगार टिकला, त्याच्यासाठी मात्र तीच वर्षं स्वस्ताईची. एकाच दशकाच्या कागदपत्रांत दोन्ही सूर भेटतील. एक खरा आणि एक खोटा, असं समजू नका.

आता मी क्रियापद मराठीत जसंच्या तसं लिहितो आणि इंग्रजी शेजारी, पेन्सिलीनं. ‘पडणे’ आणि ‘पाडणे’ यांत फरक एका कान्याचा, पण त्या कान्यात कर्ता बसलेला असतो. अर्थात ‘पाडलाय’ म्हटलं म्हणजे कुणीतरी पाडलाच, हेही सिद्ध होत नाही. तो आरोप आहे, पुरावा वेगळा शोधावा लागतो. त्या दिवशी गुळाचे किती रवे आले? सौदा कितीला निघाला? आदल्या आठवड्यात काय दर होता?

त्या गुऱ्हाळमालकांकडे मी परत गेलो आणि विचारलं, “पाडला म्हणजे कुणी, काका?” ते हसले. म्हणाले, “आता इचारतोस व्हय?” मग चहा मागवला आणि सौद्याचा दिवस सांगितला. सध्या त्या आठवड्याच्या आवकेच्या नोंदी उतरवून घेतोय.