गावकीची खोली आणि खानावळ : गिरणगावातील सहवासाची घडण

कावसजी नानाभाई दावर यांची सूतगिरणी 1856 मध्ये ताडदेव येथे सुरू झाली आणि त्यानंतरच्या सहा-सात दशकांत भायखळा, लालबाग, परळ, शिवडी, वरळी हा सारा पट्टा गिरण्यांच्या भोंग्यावर जागणारा व झोपणारा ‘गिरणगाव’ बनला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून आलेला कामगार बहुधा एकटाच येई. गावाकडचा जमिनीचा तुकडा कसायला घरची माणसे लागत, मुंबईतील खोलीचे भाडे कुटुंबासह राहणाऱ्याला पेलवत नसे आणि नोकरीची शाश्वतीही नसे. त्यामुळे 1921 च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे स्त्रिया आढळल्या, यात नवल नाही. एवढ्या मोठ्या संख्येने माणसे आपापल्या घरांपासून तुटलेली असताना ती एकाकी पडून खचली नाहीत, याचे श्रेय गिरणीमालकांकडे किंवा सरकारकडे जात नाही; ते जाते कामगारांनी स्वतः उभारलेल्या दोन संस्थांकडे, म्हणजे गावकीच्या खोलीकडे आणि खानावळीकडे.

गावकीची खोली म्हणजे एका गावच्या, क्वचित एका वाडीच्या किंवा भावकीच्या, पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेली चाळीतील खोली. सरकारी डेव्हलपमेंट खात्याने 1920 नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली सुमारे 160 चौरस फुटांची होती, आणि तेवढ्या जागेत वीस-वीस माणसांचा संसार मावत असे. हे शक्य झाले पाळ्यांमुळे : रातपाळीचा माणूस सकाळी परतला की पहिल्या पाळीच्या माणसाने गुंडाळून ठेवलेल्या वळकटीच्या जागी तो आपले अंथरूण पसरी. प्रत्येकाच्या वाट्याला भिंतीवरची एक खुंटी आणि पत्र्याची एक पेटी येई. पाणी भरणे, झाडलोट, दिवाबत्ती यांच्या पाळ्या ठरलेल्या असत आणि दरमहाची वर्गणी वहीत मांडली जाई. गावाहून नवा पोरगा आला तर काम लागेपर्यंत त्याच्याकडे वर्गणी मागायची नाही, असा बहुतेक ठिकाणचा रिवाज होता. जॉबरकडे, म्हणजे खात्यात माणसे भरणाऱ्या मुकादमाकडे, त्याच्यासाठी शब्द टाकणाराही खोलीतलाच कोणी जुना माणूस असे. आजाऱ्याला इस्पितळात नेणे, कोणी वारले तर गावी निरोप धाडणे व क्रियाकर्माचा खर्च वाटून घेणे, हीदेखील खोलीचीच जबाबदारी होती.

जेवणाची सोय मात्र खोलीत क्वचितच असे. ती खानावळवाल्या बाईकडे असे, आणि ही बाई म्हणजे बहुधा एखाद्या कामगाराची पत्नी किंवा विधवा, जी आपल्या राहत्या खोलीतच चूल व स्टोव्ह मांडून पंधरा-वीस माणसांना दोन वेळा जेवू घाली. कोकणातल्या माणसाला भात आणि मासळीचे कालवण हवे, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत रस्सा; म्हणून खानावळीही तालुक्या-तालुक्यांनुसार विभागल्या गेल्या आणि परक्या शहरात माणसाला घरची चव मिळत राहिली. पैसे पगाराच्या दिवशी चुकते होत, तोवर सारे उधारीवर चाले. या उधारीचे खरे मोल संपाच्या काळात कळते. 1928 चा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप काय किंवा 1973–74 चा संप काय, संपकऱ्याच्या ताटातली भाकरी बंद झाली नाही ती या बायकांनी वाण्याचे आणि सावकाराचे कर्ज अंगावर घेतल्यामुळे. कामगार चळवळीच्या इतिहासात सभा, मोर्चे आणि पुढारी यांना जी जागा मिळते, तिचा दहावा हिस्साही या बायकांच्या वाट्याला येत नाही, ही त्या इतिहासलेखनातील मोठी उणीव आहे. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, ते याच कर्जाच्या फासातून खानावळवाल्यांना सोडवून राष्ट्रीयीकृत बँकेची दारे त्यांना उघडी करून देण्यासाठी.

खोली, खानावळ आणि गिरणी यांच्या बाहेर उरलेला वेळही सामायिकच असे. घाटावरच्यांची भजनी मंडळे व तालमी, कोकणातल्यांचे जाखडीचे फड, चाळीचा गणेशोत्सव यांतून ओळखी वाढत. आणि त्याच मंडळांच्या वर्गणीतून गावी शाळेची खोली, देवळाचा जीर्णोद्धार किंवा विहिरीचे बांधकाम होई. मुंबईत राहून माणूस गावच्या कारभारात आपले वजन राखून असे, आणि एकटेपणावर याहून मोठा उतारा कोणता असणार?

धोबीतलाव आणि माझगाव परिसरातील गोवेकर ख्रिस्ती लोकांच्या ‘कुडी’ हे याच व्यवस्थेचे दुसरे रूप होय. प्रत्येक कूड एका गावची असे. बोटीवरचे खलाशी, आचारी आणि वाजंत्री दोन सफरींच्या वा दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात तेथे उतरत, आणि संध्याकाळी वेदीपुढे सर्वांनी मिळून प्रार्थना करण्याचा नियम असे.

या आपुलकीला कुंपणही होते. गावकीची खोली गावातील जातीची उतरंड सोबत घेऊनच शहरात आली. दलित कामगारांना सवर्णांच्या खोलीत व पंगतीत प्रवेश नसे, त्यांच्या खोल्या आणि खानावळी वेगळ्या असत. गिरणीतही तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो या सबबीवर त्यांना अधिक मजुरीच्या विणकाम खात्यापासून दूर ठेवले जाई आणि डॉ. आंबेडकरांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न ठामपणे मांडला. ज्या नात्याने एकाला आधार दिला, त्याच नात्याने दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवले, हे विसरून गिरणगावाचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्याने ही घडी मोडली. संप लांबत गेला तशी माणसे गावी परतली, खानावळवाल्यांची उधारी कायमची बुडाली आणि पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल व टॉवर उभे राहिले. काही गावकीच्या खोल्या मात्र टिकल्या. शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा टाटा रुग्णालयातील उपचारांसाठी येणारा गावचा माणूस आजही तेथे पथारी टाकतो. जुन्या चाळींच्या पुनर्विकासात या खोल्यांपुढे नवाच पेच उभा राहतो, कारण भाडेपावती एकाच्या नावावर असते आणि वर्गणी पिढ्यान्‌पिढ्या साऱ्या गावाने भरलेली असते. नव्या इमारतीतील सदनिका मिळते ती पावतीवरच्या नावाला, गावाच्या मालकीसाठी त्या अर्जात रकाना नसतो.