शेवटची प्लेट

होल्डरच्या दोन बाजूंना दोन सुट्या फिल्म. म्हणजे सहा होल्डर घेतले की फोटो बारा. मोठ्या कॅमेऱ्यावर काम करणाऱ्याचा हिशेब घर सोडण्याआधीच ठरलेला असे.

काचेच्या प्लेटांच्या काळातही तेच. 10 एप्रिल 1927 रोजी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत बारा प्लेटा घेऊन डोंगर चढले. हाफ डोमचा उभा कडा नजरेच्या टप्प्यात आला तेव्हा त्यांच्याकडे दोनच प्लेटा उरल्या होत्या. पहिली त्यांनी पिवळ्या फिल्टरने घेतली. पण आभाळ मनात होतं तितकं गडद येणार नाही, हे लगेच जाणवलं. मग गडद लाल फिल्टर चढवून त्यांनी शेवटची प्लेट वापरली. तीच ‘मोनोलिथ’ म्हणून गाजली. फोटो घेण्याआधी तो मनात पूर्ण पाहण्याची त्यांची पद्धत इथूनच घडली.

1941 साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नान्डेझला ‘मूनराइज’ हा फोटो घेताना या पद्धतीचा कस लागला. सूर्य मावळत होता आणि लाइट मीटर सापडेना. चंद्राच्या तेजाचा आकडा पाठ होता. त्यावरून त्यांनी एक्स्पोजर ठरवलं. दुसऱ्या फोटोसाठी होल्डर उलटवेपर्यंत दफनभूमीतल्या क्रुसांवरचं ऊन गेलं.

‘मूनराइज’च्या हजारावर प्रती निघाल्या, त्या या एकाच निगेटिव्हवरून.